‘घरी चार्जर असेलच’ हे आपले गृहीतक खरे करून दाखवा

प्रति,
स्मार्टफोन तयार करणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक, अभियंते आणि विक्री विभाग यांस

विषय : फोनसोबत चार्जर न देण्याचा निर्णय आणि त्यासोबत येणारी जबाबदारी

महोदय / महोदया,

काही दिवसांपूर्वी आईसाठी नवा फोन घेतला. तिचा जुना फोन सहा वर्षे चालला आणि शेवटी बॅटरी फुगल्यामुळे बाजूला ठेवावा लागला. नव्या फोनचा बॉक्स एखाद्या वहीसारखा पातळ होता. आत फोन, सिम काढायची टाचणी, घडी घातलेला एक कागद आणि दोन्ही टोकांना सारखीच लंबगोल टाइप-सी पिन असलेली केबल, एवढेच होते. चार्जर नसणार हे मला ठाऊक होते. घरात चार चार्जर पडून आहेत, त्यातला एखादा चालेल, असे मी धरून चाललो होतो. खण उघडून एकेक बाहेर काढला, तेव्हा तिघांची तोंडे जुन्या पद्धतीची, रुंद चौकोनी निघाली आणि चौथ्याची वायर चार्जरलाच कायमची जोडलेली, तिच्या टोकाला मायक्रो-यूएसबीची पिन. चारही चार्जर चांगल्या स्थितीत होते आणि चारही त्या रात्री कामाचे नव्हते. आईने केबलचे टोक त्या चौकोनी तोंडाशी एकदा सरळ, एकदा उलटे धरून पाहिले आणि मला विचारले, “माझंच काही चुकतंय का रे?”

तिच्या त्या प्रश्नामुळे हे पत्र लिहीत आहे. माझी तक्रार एका कंपनीबद्दल नाही, म्हणून नाव घेत नाही. आज अनेक मोठ्या कंपन्या थोड्याफार फरकाने हेच करतात.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो की, बॉक्समधून चार्जर काढून टाकण्याला माझा विरोध नाही. युरोपीय आयोगाने या प्रश्नाचा अभ्यास केला तेव्हा असे दिसले की, तिथल्या सरासरी ग्राहकाकडे फोनचे तीन चार्जर असतात आणि त्यांतले दोनच तो नियमित वापरतो. वापरात नसलेल्या आणि टाकून दिलेल्या चार्जरांचा कचरा एकट्या युरोपीय संघात वर्षाला सुमारे 11,000 टन भरतो, असा त्यांचा अंदाज होता. जगभरात 2022 साली निर्माण झालेला ई-कचरा 6.2 कोटी टन होता आणि त्यापैकी जेमतेम 22.3 टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्वापराच्या प्रक्रियेत गेल्याची नोंद आहे. या डोंगरापुढे चार्जरचा वाटा लहान आहे, हे मान्य करायला हवे; पण चालू स्थितीतली वस्तू निव्वळ जोडीला आली म्हणून आयुष्यभर खणात पडून राहावी, हे कोणालाच पटणारे नाही. तांबे, प्लास्टिक, ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर हे सगळे त्या लहानशा ठोकळ्यात असते. ते कोणीतरी खाणीतून काढलेले आणि कारखान्यात घडवलेले असते. त्यामुळे चार्जर कमी बनावेत, या आपल्या म्हणण्याशी मी सहमत आहे.

माझे म्हणणे त्यापुढचे आहे. चार्जर न देताना आपण ग्राहकाला एक गोष्ट न बोलता सांगत असता : तुमच्या घरी चार्जर आहे आणि तो या फोनला चालेल. या वाक्याच्या पहिल्या भागाची जबाबदारी ग्राहकाची असेल, पण दुसऱ्या भागाची जबाबदारी सर्वस्वी आपली आहे, आणि ती आपण अजून पुरती उचललेली नाही.

थोडे मागे जाऊन पाहू. 2009 साली युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने प्रमुख फोन कंपन्यांनी एका सामंजस्य करारावर सह्या केल्या, तेव्हा बाजारात तीसहून अधिक प्रकारचे चार्जर होते. कुठे गोल पिन, कुठे चपटी, कुठे दोन्ही बाजूंना हुकासारखे आकडे असलेली; पाहुण्याकडे गेलेल्या माणसाने “तुमच्याकडे बारीक पिनचा आहे का?” असे विचारायचे आणि नकार ऐकायचा, हे तेव्हा रोजचेच होते. त्या करारानंतर मायक्रो-यूएसबी रुळली आणि चित्र बरेच सुधारले. मात्र करार ऐच्छिक होता आणि वेगळी पिन ठेवून सोबत जोडणीचा तुकडा देण्याची पळवाट त्यात होती. अ‍ॅपलने आधीचा 30 पिनांचा कनेक्टर बदलून 2012 साली लाइटनिंग आणला. तो सुलट-उलट कसाही बसत असे, मायक्रो-यूएसबीपेक्षा तो मजबूत होता, आणि त्याबद्दल त्याच्या रचनाकारांना श्रेय दिलेच पाहिजे. पण तो एका कंपनीचाच राहिला. 2014 साली टाइप-सीचे मानक प्रसिद्ध झाले. तीही सुलट-उलट बसते. तिच्यात 24 संपर्कबिंदू आहेत आणि किमान 10,000 वेळा घालण्या-काढण्याची तिची क्षमता धरलेली आहे. झिजणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या तिच्या रचनेत फोनमध्ये नसून केबलच्या टोकात असतात. झीज व्हायचीच असेल तर ती स्वस्तात बदलता येणाऱ्या केबलमध्ये व्हावी, असा विचार त्यामागे आहे आणि वापरणाऱ्याचा इतका विचार करणारी रचना मला मनापासून आवडते.

तरीही सर्वांनी तीच पिन स्वीकारायला कायदा लागला. युरोपीय संसदेने 4 ऑक्टोबर 2022 रोजी 602 विरुद्ध 13 मतांनी समान चार्जरचा कायदा मंजूर केला. तो फोन, टॅब्लेट, कॅमेरे, हेडफोन अशा वस्तूंना 28 डिसेंबर 2024 पासून लागू झाला. लॅपटॉपसाठी 28 एप्रिल 2026 ही तारीख ठरवण्यात आली. आयफोनमध्ये टाइप-सी आली ती त्याआधीच, सप्टेंबर 2023 मध्ये. आपल्यापैकी काहींनी वर्षानुवर्षे सांगितले होते की, सक्तीने नवनिर्मिती थांबेल. टाइप-सीच्याच मानकात 2021 साली वीज पोहोचवण्याची कमाल मर्यादा 100 वॉटवरून 240 वॉटवर गेली, आणि पिन तीच राहिली. मानक सगळ्यांचे असले तरी पुढे जाऊ शकते, हे आपल्याच अभियंत्यांनी दाखवून दिले आहे.

आता चार्जर काढण्याची वेळ पाहा. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये आयफोन 12 सोबत चार्जर देणे बंद झाले. त्याआधीच्या बहुतेक आयफोनसोबत आलेल्या चार्जरला रुंद चौकोनी तोंड होते, आणि नव्या बॉक्समधल्या केबलचे चार्जरकडचे टोक मात्र टाइप-सी होते. ज्यांनी जुनी केबल जपून ठेवली होती त्यांचे भागले. पण बॉक्समधली नवी केबल आणि घरातला जुना चार्जर एकमेकांना भेटतच नव्हते. तीन महिन्यांनी, जानेवारी 2021 मध्ये, सॅमसंगच्या गॅलेक्सी एस 21 च्या बॉक्समधूनही चार्जर गेला आणि मग ती रीतच पडली. पर्यावरणाचा हेतू खरा मानला, तरी एक साधा प्रश्न उरतो. ज्या वर्षी पिन बदलते, त्याच वर्षी जुन्यावर भागवा असे कसे सांगता येईल? आईच्या खणातले चार चार्जर ज्या काळात घरात आले, त्या काळात आपण बहुतेक जण चौकोनी तोंडाचेच चार्जर देत होता.

पिनेचा प्रश्न काळाबरोबर सुटेल, हे मला दिसते. आणखी चार-पाच वर्षांत घरोघरी टाइप-सीचे चार्जर असतील आणि आईच्या बाबतीत घडले ते दुर्मीळ होईल. पण पिन एक झाली म्हणजे चार्जिंग एक झाले, असे मुळीच नाही, आणि माझी खरी काळजी इथून सुरू होते.

फोन चार्जरला जोडला की लगेच दोघांमध्ये एक बोलणी होतात. चार्जर सुरुवातीला 5 व्होल्टच देतो. आपण आणखी काय काय देऊ शकतो हे तो सांगतो, फोन त्यातून आपल्याला झेपणारा पर्याय मागतो, आणि मगच व्होल्टेज वाढते. ही बोलणी दोघांना समजणाऱ्या भाषेत व्हावी लागतात. यूएसबी पॉवर डिलिव्हरी ही त्यातली सर्वांसाठी खुली भाषा आहे. 2017 मध्ये तिच्यात पीपीएस नावाची भर पडली, जिच्यामुळे चार्जर आपले व्होल्टेज 20 मिलीव्होल्टच्या बारीक पायऱ्यांनी फोनच्या गरजेप्रमाणे हलवू शकतो आणि फोनच्या आत होणारी उष्णता कमी राहते. याखेरीज अनेक कंपन्यांच्या स्वतःच्या खासगी भाषा आहेत. त्या का आल्या हेही समजून घेण्यासारखे आहे : व्होल्टेज कमी ठेवून विद्युतप्रवाह वाढवायचा आणि नियंत्रणाचा, म्हणजे पर्यायाने उष्णतेचा, भार फोनमधून काढून चार्जरमध्ये न्यायचा, ही त्यातली एक कल्पना खरोखर हुशारीची होती. पण त्या फोनला आणि त्या चार्जरला, बऱ्याचदा त्याच केबलसह, एकमेकांची सोबत लागते. दुसरा चार्जर जोडला की बोलणी फिसकटतात आणि फोन सावकाश, कधी कधी अगदी जुन्या काळच्या गतीने, भरत राहतो.

केबलचेही तसेच आहे. 3 अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह न्यायचा असेल तर केबलच्या टोकात ओळख सांगणारी एक चिप असावी लागते. ती असलेली केबल आणि नसलेली केबल शेजारी ठेवली तर कोणालाही फरक सांगता येणार नाही. काही फोनना आपली पूर्ण गती गाठायला पीपीएस असलेला चार्जर आणि 5 अँपिअरची केबल अशी दोन्ही लागतात. किती ग्राहकांना हे ठाऊक असेल?

पूर्वी चुकीचा चार्जर फोनमध्ये बसतच नसे, त्यामुळे चूक जागच्या जागी कळायची. आता कोणताही चार्जर कोणत्याही फोनमध्ये अलगद बसतो, पडद्यावर विजेचे चिन्ह उमटते आणि माणूस निर्धास्त होतो. सकाळी निघताना बॅटरी अर्धीच भरलेली दिसते तेव्हा तो फोनला, बॅटरीला, स्वतःच्या विसरभोळेपणाला दोष देतो. चार्जरवर त्याचा संशयही जात नाही. पिनेची विविधता गेली आणि तिच्या जागी न दिसणारी विविधता आली.

ती दिसावी म्हणून चार्जरवर छापलेला मजकूर असतो, असे आपण म्हणाल. आईच्या फोनसाठी शेवटी आणलेला चार्जर हातात घेऊन मी तो मजकूर वाचायचा प्रयत्न केला. पांढऱ्या प्लास्टिकवर फिकट करड्या रंगातली, ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्या उंचीचीही नसलेली अक्षरे. दिव्याखाली तिरपा धरल्यावर ‘आउटपुट’ या शब्दापुढे 5 व्होल्ट, 3 अँपिअर आणि त्याखाली 9 व्होल्ट, 2.22 अँपिअर असे दिसले. म्हणजे पहिला पर्याय 15 वॉटचा आणि दुसरा सुमारे 20 वॉटचा. हा गुणाकार ग्राहकाने दुकानात उभे राहून करायचा, मग फोनला किती वॉट हवेत ते शोधायचे आणि दोन्हींची भाषा एक आहे का ते पडताळायचे, अशी आपली अपेक्षा दिसते. माझ्या आईकडून ही अपेक्षा करू नका. माझ्याकडूनही करू नका.

आणि यात केवळ गतीचा प्रश्न नाही. चार्जरच्या एका बाजूला घरातली जिवावर बेतू शकणारी वीज असते आणि दुसऱ्या बाजूला हातात धरलेला फोन. या दोन बाजूंमध्ये जे अंतर आणि जे निरोधक थर राखावे लागतात, नेमकी तिथेच स्वस्त बनावट चार्जरमध्ये काटकसर केलेली असते, आणि ती बाहेरून दिसत नाही. टाइप-सीच्या सुरुवातीच्या वर्षांत चुकीचा रोधक (रेझिस्टर) लावलेल्या केबली सर्रास विकल्या गेल्या. जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरला त्या जोडल्या की उपकरण त्याच्याकडून कुवतीपेक्षा जास्त प्रवाह मागत असे. 2016 मध्ये गूगलच्या एका अभियंत्याचा लॅपटॉप अशा सदोष केबलींची तपासणी करता करताच निकामी झाला होता. बॉक्समध्ये चार्जर होता तेव्हा निदान एक तपासलेला, आपल्या नावाची जबाबदारी असलेला चार्जर प्रत्येक घरात आपोआप पोहोचत होता. तो थांबवल्यावर लोक हाताला लागेल तो चार्जर घेतात. तेव्हा कोणता घ्यावा हे स्पष्ट सांगणे, हा आपण थांबवलेल्या गोष्टीचा किमान मोबदला आहे.

ब्राझीलमध्ये सरकारने चार्जरशिवाय आयफोन विकण्यावर 2022 मध्ये बंदी घातली आणि कंपनीला दंडही केला. ग्राहकाला अर्धवट वस्तू मिळते, ही त्यामागची भावना मी समजू शकतो. पण सगळ्यांना पुन्हा सक्तीने चार्जर वाटणे हा उपाय मला योग्य वाटत नाही. युरोपच्या कायद्याने ग्राहकाला चार्जरविना वस्तू घेण्याचा पर्याय मिळालाच पाहिजे, असे ठरवले आहे. मला वाटते, तो पर्याय दोन्ही बाजूंनी खुला असावा. शाओमीने चीनमध्ये मी 11 हा फोन विकताना चार्जरसह आणि चार्जरविना असे दोन संच एकाच किमतीत ठेवले होते. विचारून देण्याची ती पद्धत मला अधिक सरळ वाटते, फक्त चार्जर नको म्हणणाऱ्याला किमतीत तेवढा फरक मिळाला पाहिजे. ज्याच्या घरी चार्जर आहे तो नको म्हणेल. ज्याचा हा पहिलाच स्मार्टफोन आहे, जो परगावी शिकायला निघाला आहे, ज्याच्याकडे जुन्या तोंडाचेच चार्जर आहेत, तो हवा म्हणेल. कोणाच्या खणात काय आहे ते त्याच्याइतके कोणाला माहीत असणार?

खासगी वेगवान चार्जिंग बंद करा, असेही मी म्हणणार नाही. पण तशा प्रत्येक फोनने खुल्या मानकावरही चांगल्या गतीने भरले पाहिजे. युरोपच्या कायद्यात 15 वॉटपेक्षा जास्त वीज घेणाऱ्या फोनला पॉवर डिलिव्हरीचे बंधन आहे आणि जोडीला असलेल्या कोणत्याही खासगी पद्धतीने तिच्यात अडथळा आणू नये, अशी अटही आहे. तिचे पालन अक्षरापुरते न होता व्हावे. खासगी चार्जरवर अर्ध्या-पाऊण तासात भरणारा फोन खुल्या मानकाच्या तितक्याच ताकदीच्या चार्जरवर तीन तास घेत असेल, तर त्या कंपनीने चार्जर बॉक्समध्येच द्यावा. ‘घरी असेलच’ म्हणण्याचा अधिकार तिने स्वतःच सोडलेला आहे.

आणि लेबल. युरोपात विकल्या जाणाऱ्या फोनच्या बॉक्सवर आपण आजच एक चौकट छापता. तिच्यात चार्जर आत आहे की नाही याचे चित्र असते, फोनला किमान आणि कमाल किती वॉट लागतात ते आकडे असतात, आणि पॉवर डिलिव्हरी चालते का तेही असते. चौकट तयार आहे, मोजमाप झालेले आहे, शाई तीच आहे. ती उरलेल्या जगातल्या बॉक्सवर छापायला कायद्याची वाट का पाहावी? तेच आकडे चार्जरवर आणि केबलच्या टोकावरही, साध्या डोळ्यांनी वाचता येतील अशा आकारात, गडद रंगात छापा. यूएसबीच्या प्रमाणित केबलींसाठी 60 वॉट आणि 240 वॉट अशी चिन्हे ठरलेली आहेत. आपल्या स्वतःच्या केबलींवर ती वापरायला हरकत असू नये. फोन सावकाश भरत असेल तर ‘हा चार्जर 10 वॉट देत आहे, या फोनला 25 पर्यंत चालतात’ असे पडद्यावर सांगा. बोलणी करणाऱ्या फोनला हे ठाऊकच असते. त्याने ते मालकालाही सांगावे.

पुढे कधीतरी पिनच नसलेला, केवळ बिनतारी भरणारा फोन आणण्याचा विचार आपल्यापैकी कोणाच्या मनात असेल. युरोपचा हा नियम तारेने भरणाऱ्या उपकरणांपुरता आहे, याची मला कल्पना आहे. तसा फोन आणायचा असेल तर किमान दोन वर्षे आधी जाहीर करा आणि पहिल्या पिढीच्या प्रत्येक बॉक्समध्ये भरण्याचे साधन द्या. आधी बदल आणि मग ‘जुन्यावर भागवा’ हा क्रम पुन्हा नको.

आईच्या नव्या चार्जरवर मी पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर ठळक अक्षरांत ‘फोन, 20 वॉट’ असे लिहिले आहे, आणि केबलवर तशीच दुसरी पट्टी गुंडाळली आहे. जुने चार चार्जर ई-कचरा घेणाऱ्यांकडे देण्यासाठी पिशवीत भरून ठेवले आहेत. आपल्या पुढच्या फोनच्या बॉक्सवर ते आकडे छापून येतात का, हे मी पाहणार आहे. या पत्राला आपल्यापैकी कोणी उत्तर दिले, तर त्यात आपला कोणता फोन खुल्या मानकाच्या चार्जरवर किती वॉटने भरतो, एवढे जरूर कळवावे.

कळावे,
आपला,
एक ग्राहक